काठी, मिरग आणि येळवस

बिदर शहराच्या मधोमध चौबारा नावाचा जुना गोल मनोरा आहे. त्यावर घड्याळ आहे. त्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा बिदरमध्ये मध्यान्ह झालेली नसते. वर्षातल्या एकाही दिवशी नसते. सूर्य आपल्या सर्वांत उंच जागी पोचतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून चार मिनिटांच्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तर थेट बारा चौतीसला.

हे मुलांना सांगू नका. हे त्यांना सापडू द्या. या प्रकरणाचं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे.

खगोलशास्त्र शिकवायला बसलं की बहुतेक पुस्तकं आकड्यांपासून सुरू होतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला. मूल ते पाठ करतं, परीक्षेत लिहितं, आणि संध्याकाळी अंगणात आलं की समोर उगवलेला चंद्र उद्या याच वेळी कुठे असेल ते त्याला सांगता येत नाही. आकडे डोक्यात आहेत, आकाश मात्र डोळ्यांत नाही. आधी डोळ्यांत आकाश यावं, मग त्याला आकड्यांची गरज वाटावी, हा क्रम लावता येतो. बिदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात तर तो फार सोप्या रीतीने लावता येतो, कारण लागणारं सामान गावात आधीपासून आहे.

गणिताच्या मातीत गणिताविना

कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथे राज्य करणाऱ्या अमोघवर्षाचा गौरव महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात केला. निखळ गणिताला वाहिलेला एवढा मोठा ग्रंथ ज्या मातीशी जोडलेला आहे, तिथे उभं राहून ‘गणित बाजूला ठेवा’ म्हणायचं तर त्याचा अर्थ नीट सांगायला हवा.

गणित बाजूला ठेवायचं म्हणजे शिस्त बाजूला ठेवायची असं नाही. सूत्रं नकोत, त्रिकोणमिती नको, पण तीन गोष्टी हव्यातच. पाहण्याआधी अंदाज बांधायचा. मग पाहायचं. मग जे दिसलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहायचं, अंदाज चुकला असला तरी लिहायचं. ही तीन पावलं टाकणारं मूल खगोलशास्त्र करत असतं. ती न टाकता कोट्यवधी किलोमीटर पाठ करणारं मूल फक्त पाठांतर करतं.

आपल्या परंपरेला ही वाट नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या यंत्राध्यायात गोल, शंकू, चक्र, फलक अशी वेधाची यंत्रं एकामागून एक येतात आणि शेवटी ‘धीयंत्र’ येतं. धी म्हणजे बुद्धी. हातात साधी काठी आणि तिच्यामागे विचार करणारा माणूस, एवढंच ते यंत्र. इतका मोठा गणिती सगळ्या यंत्रांच्या शेवटी काठीवर आणि बुद्धीवर येऊन थांबतो, हे प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवावं.

आणि एकोणिसाव्या शतकात शंकर बाळकृष्ण दीक्षित झाले. व्यवसायाने शिक्षक, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या मोठ्या ग्रंथाचे कर्ते. सामान्य वाचकाला आकाश ओळखीचं व्हावं म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. शाळेच्या एका तासाएवढी. तेवढ्यात आकाशाशी ओळख सुरू होते, असं या गणित जाणणाऱ्या माणसाला वाटत होतं.

काठी

शाळेच्या मैदानात सपाट जागा निवडा. गवंड्याकडून पाणसळ आणि ओळंबा मागून आणा. जमीन समतल आहे ना आणि काठी सरळ उभी आहे ना, हे मुलांनाच तपासू द्या. काठी जमिनीच्या वर बरोबर एक मीटर ठेवा.

पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा : सावली सर्वांत आखूड कधी होईल? वर्ग एका आवाजात ‘बारा वाजता’ म्हणेल. लिहून घ्या. मग साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायला लावा. बारा वाजतात, खडे अजून काठीकडे सरकतच असतात. सव्वाबारा होतात, तरी सरकतात. कधीतरी बारा वीसच्या मागेपुढे सावली वळते आणि वाढायला लागते. वर्गाचा अंदाज एका काठीने खोटा ठरवलेला असतो. या क्षणी मुलं ‘असं का?’ विचारतात. तोवर थांबायचं असतं.

उत्तर साधं आहे. आपली घड्याळं देशभर एकच वेळ दाखवतात, आणि ती वेळ आहे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. बिदर तिथून पाच अंश पश्चिमेला. सूर्याला तेवढं अंतर यायला वीस मिनिटं लागतात. कलबुर्गी आणखी थोडं पश्चिमेला, म्हणून तिथे आणखी जवळजवळ तीन मिनिटं. वर्षभरात ही वेळ मागेपुढेही होते, पण ते लगेच सांगण्याची घाई नको. वहीत महिनोन्‌महिने नोंदी साठल्या की मुलंच ते दाखवतील.

त्याच काठीने दिशाही सापडते. काठीच्या बुंध्याला दोरी बांधून भोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. देवळाची आणि वेदीची दिशा आपल्याकडे फार जुन्या काळापासून अशीच ठरवत आले आहेत.

आता काठी वर्षभर राहू द्या. २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला बिदरमध्ये मीटरभर काठीची सावली सुमारे ८८ सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. पुढे रोज ती आक्रसत जाते. ११ मेच्या सुमारास, दुपारी सव्वाबारानंतर, ती नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर. आणि त्यानंतर जे घडतं त्यावर मोठ्या माणसांचाही चटकन विश्वास बसत नाही : मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडायला लागते. २१ जूनला ती दक्षिणेकडे दहाएक सेंटिमीटर असते, पुन्हा आखडते, १ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा शून्य होते आणि मग उत्तरेकडे परतते. ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे दुसरा दिवस बहुधा हुकतो. पण जूनमध्ये पाऊस उघडलेली एक दुपार मिळाली तरी दक्षिणेकडची सावली दिसते.

एक सूचना पहिल्याच दिवशी, ठामपणे द्या : सूर्याकडे थेट पाहायचं नाही. आपल्याला सूर्य पाहायचा नाही, त्याची सावली वाचायची आहे.

मूठ

रात्रीसाठी दुसरं साधन प्रत्येकाच्या अंगालाच आहे. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशाचा सुमारे दहा अंशांचा भाग झाकते. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही तेवढाच आखूड, त्यामुळे माप जवळपास तेच राहतं. मुलांना ‘अंश’ शब्द सांगायचीही गरज नाही. ‘मुठी’ पुरे.

बिदरमधून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर दोन मुठींना किंचित कमी दिसतो. कन्याकुमारीला तो एका मुठीच्याही खाली उतरतो. श्रीनगरला साडेतीन मुठी चढतो. बंगळुरूला गेलेला काका आणि दिल्लीला नोकरी करणारी आत्या यांना फोन करून मुठी मोजायला सांगा. पृथ्वी सपाट असती तर इतक्या दूरचा तारा सगळ्यांना सारख्याच मुठींवर दिसला असता. तो उत्तरेकडे जाताना चढतो आणि दक्षिणेकडे उतरतो, म्हणजे आपल्या पायाखालची जमीन वळलेली आहे. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा अंतराळातून काढलेल्या छायाचित्राशिवाय, एका कुटुंबाच्या फोनवर मिळतो.

एक शब्द, दोन अर्थ

सीमाभागातल्या शिक्षकाला एक अडचण येते, ती पुण्या-मुंबईच्या शिक्षकाला येत नाही. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातला बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला आले, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आजच्या कर्नाटकाच्या बाजूला राहिले. आजही एका गल्लीत मराठी, कन्नड, दखनी आणि लमाणी ऐकू येते. घरी मराठी बोलणारं मूल शाळेत कन्नडमधून शिकत असतं.

कन्नडमध्ये ‘नक्षत्र’ म्हणजे कुठलाही तारा. मराठीत ‘नक्षत्र’ म्हणजे चंद्राच्या वाटेवरच्या सत्तावीस ठिकाणांपैकी एक. शाळेतल्या पुस्तकात सूर्य ‘एक नक्षत्र’ असतो आणि घरी आजोबा म्हणतात, सूर्य मृग नक्षत्रात गेला. मुलाच्या डोक्यात दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळतात आणि ते गप्प बसतं. शिक्षकाने फळ्यावर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिले तर तो गोंधळ पाच मिनिटांत मिटतो. शास्त्रातला शब्द आणि घरातला शब्द वेगळे असू शकतात, हा धडाही त्याबरोबर मिळतो.

याच नक्षत्रांत या भागाची सर्वांत मोठी ठेव आहे. इथला शेतकरी पाऊस महिन्यांनी मोजत नाही, नक्षत्रांनी मोजतो. रोहिणी, मिरग, आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याकडे मळे म्हणजे पाऊस, आणि त्याचाही मृगशिरा मळे, आर्द्रा मळे असाच हिशेब. तेलुगू बोलणारा मृगशिरा कार्ते म्हणतो. तीन भाषा एकाच दिवसावर येऊन थांबतात, कारण सूर्य एकच आहे.

मिरग लागतो ७ किंवा ८ जूनला. आता वर्गाला विचारा : मिरगात मृग नक्षत्र रात्री दिसतं का? बहुतेक हात वर होतील. खरं उत्तर उलटं आहे. मिरग म्हणजे सूर्य मृगाच्या ताऱ्यांसमोर उभा आहे तो काळ. ते तारे दिवसा सूर्यासोबत आभाळात असतात आणि त्याच्यासोबतच मावळतात. ज्याच्या नावाने पेरणी करायची तेच नक्षत्र पेरणीच्या रात्री दिसत नाही. साध्या डोळ्यांनी पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांनी न दिसणाऱ्या ताऱ्यांची जागा ओळखली, कारण सूर्योदयापूर्वी कोण उगवतं आणि सूर्यास्तानंतर कोण मावळतं याची नोंद ते पिढ्यान्‌पिढ्या ठेवत होते.

इथे एक भेद मुलांपुढे स्पष्ट मांडायला हवा. सूर्य ७-८ जूनला मृगात जाणार हे पक्कं असतं. त्या दिवशी पाऊस येणार हे पक्कं नसतं, कारण पाऊस वारे आणि समुद्रावर अवलंबून असतो. नक्षत्राचं वाहन कोल्हा आहे की बेडूक, यावरून पाऊस ठरत नाही. वाटल्यास मुलांनी दोन-चार वर्षं वहीत लिहून पडताळावं. आजोबांच्या ज्ञानाचा मान राखूनही हे सांगता येतं : त्यांच्या दिनदर्शिकेतला सूर्य खरा आहे, वाहनाचा भाग तपासून पाहू.

येळवशीची रात्र

मृग रात्रभर दिसतो कधी? सूर्य त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला गेल्यावर, म्हणजे डिसेंबरात. आणि त्याच सुमारास मार्गशीर्ष अमावास्या येते. लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत सारी गावं त्या दिवशी शिवारात असतात. मराठीत वेळ अमावास्या, बोलीत येळवस, कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये. कडब्याची कोपी, चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी आणि आंबील. तूर उभी असते, रब्बीची ज्वारी वाढत असते, पाहुणेरावळे बांधावर जेवतात.

आकाश शिकवण्यासाठी याहून चांगली रात्र वर्षात नाही. अमावास्या, म्हणून चंद्राचा उजेड नाही. पावसाळा सरलेला, म्हणून आभाळ स्वच्छ. शिवारात दिवे नाहीत. आणि आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं घर एका ठिकाणी. जेवणं आटोपल्यावर लगेच गाडी जुंपू नका. आठ वाजेपर्यंत थांबा.

पूर्वेला मृगाची चौकट वर आलेली असते. तिच्यात मधोमध तीन तारे एका रेषेत, उगवताना जवळजवळ उभे. जुनी माणसं त्याला तिकांडं म्हणतात. कथेत तो हरणाला लागलेला बाण. बाणाची रेषा खाली ओढली की क्षितिजाजवळ व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. वर ओढली की तांबूस रोहिणी, आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. एका रेषेने तीन ओळखी. हे तिकांडं आकाशाच्या बरोबर मध्यरेषेजवळ असल्यामुळे पृथ्वीवर जवळजवळ कुठेही ते ठीक पूर्वेला उगवतं आणि ठीक पश्चिमेला मावळतं. दिवसा काठीने काढलेली पूर्व-पश्चिम रेघ रात्री त्याच्याशी ताडून पाहा.

मग मुलांना उठवून खेळ मांडा. मधे कंदील ठेवा, तो सूर्य. दूर गोल रिंगण करून मुलं उभी करा, प्रत्येकाला नक्षत्राचं नाव द्या. एक मूल पृथ्वी होऊन कंदिलाभोवती संथ फिरेल. कंदिलाकडे तोंड केलं की कंदिलामागे जो उभा, त्याचं नक्षत्र लागलेलं. पाठ फिरवली की समोर जो दिसतो, तो रात्रीचा राजा. फिरता फिरता एका जागी कंदिलामागे ‘मृग’ येतो आणि पोरं ओरडतात : मिरग! अर्धं रिंगण चालून गेलं की तोच मृग पाठीमागे, रात्रीच्या बाजूला. हीच येळवस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे वाक्य त्यांनी शंभरदा वाचलेलं असतं. ते पायांना या रात्री कळतं.

शरीराने शिकण्याचा हा मार्ग नुसता हौसेचा नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमिन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांमधल्या मुलांसोबत खगोलशास्त्राच्या प्राथमिक शिक्षणावर काम केलं. हातवारे, शरीराच्या हालचाली, वस्तू आणि आकृत्या यांची साखळी त्यांनी त्यासाठी वापरली. मुलाला एकाच वेळी जमिनीवरून दिसणारं आकाश आणि बाहेरून दिसणारी पृथ्वी अशी दोन चित्रं मनात जुळवायची असतात. आकाशशास्त्रातली खरी अवघड गोष्ट ही आहे, गुणाकार नव्हे.

मातीचा गोळा

चंद्राच्या कला का होतात? ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’, हे चुकीचं उत्तर शिकलेल्या माणसांकडूनही हमखास येतं. त्यावर वाद घालू नका. कृष्ण पक्षातली सप्तमी-अष्टमी गाठा. त्या सकाळी शाळा भरते तेव्हा सूर्य पूर्वेला असतो आणि अर्धा चंद्र पश्चिमेच्या आभाळात फिकट दिसत असतो. लिंबाएवढा मातीचा गोळा वाळवून काठीला लावा आणि उन्हात उभं राहून चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरा. गोळ्याचा जेवढा आणि जसा भाग उजळलेला, तेवढाच आणि तसाच चंद्राचा. आकार जुळतो, कलही जुळतो. एकच ऊन दोघांवर पडलं आहे. पृथ्वीची सावली या चित्रात कुठेच नाही.

ऋतूंचंही तसंच. १९८७ साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा माहितीपट निघाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठातून नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांना उन्हाळा का होतो ते विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण हुरडा भाजत शेकोटीला बसलेलो असतो तेव्हा. वर्षभर काठी पाहिलेल्या मुलाला वेगळं उत्तर सुचतं. डिसेंबरात सावली लांब, म्हणजे ऊन तिरपं. तेच ऊन जास्त जमिनीवर पसरतं, आणि दिवसही उन्हाळ्यापेक्षा लहान. मग त्यानेच पुढचा प्रश्न विचारावा : १ ऑगस्टलाही सूर्य डोक्यावर, तरी मेसारखी काहिली का नाही? उत्तर वर बघितलं की मिळतं. ढग.

हरभरा आणि मोहरी

आकड्यांना पूर्ण बंदी घालण्याचं कारण नाही. आकडा हातात धरता आला की तो चित्र होतो. मीटरभर व्यासाचं चाक म्हणजे सूर्य मानला, तर पृथ्वी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. हा हरभरा चाकापासून शंभर मीटरच्या थोडा पुढे ठेवायचा, मुलांची दीडशे पावलं. चंद्र मोहरीचा दाणा, हरभऱ्यापासून सव्वा वीत दूर. गुरू मोठ्या संत्र्याएवढा, अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडे. नेपच्यून तीन किलोमीटरहून लांब, बहुधा पुढच्या गावाच्या वेशीत. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? या मापाने सुमारे २९ हजार किलोमीटर दूर, म्हणजे भालकीच्या शाळेतून निघून पृथ्वीच्या अर्ध्याहून जास्त फेरीनंतर. हरभरा हातात धरून हे ऐकणारं मूल गप्प होतं. त्याला तसं राहू द्या.

‘किती?’

शून्य सावलीचा मे महिना शाळेच्या सुटीत येतो याची शिक्षकांना हळहळ वाटते. मला ती सोय वाटते. सुटीत मुलं मामाच्या गावाला जातात.

सूर्य कलबुर्गीच्या डोक्यावर येतो ९ मेच्या सुमारास, बिदरच्या डोक्यावर ११ मेच्या. एक भाऊ कलबुर्गीला मामाकडे, बहीण बिदरला घरी. दोघांनीही तीन मीटरचा बांबू ओळंब्याने उभा केला आहे. ९ तारखेला दुपारी फोन येतो : ताई, माझी सावली गेली! बिदरच्या अंगणात मात्र बांबूच्या पायाशी तीनएक सेंटिमीटरची सावली अजून आहे. त्याच दुपारी बंगळुरूतल्या मावशीला विचारलं तर तिच्या मीटरभर काठीची सावली सात-आठ सेंटिमीटर आहे, आणि तीही दक्षिणेकडे, कारण सूर्य तिच्या डोक्यावरून एप्रिलमध्येच पुढे गेला. दोन दिवसांनी बिदरची सावली जाते. सूर्य दिवसाला साधारण तीस किलोमीटर उत्तरेकडे चालत आला आहे आणि दोन मुलांनी त्याला चालताना पकडलं आहे.

आता थांबा. काही सांगू नका. दोघांतलं एक मूल विचारेल : एवढ्या अंतराने सावली एवढी बदलते, तर पूर्ण पृथ्वी फिरून यायला किती अंतर लागेल? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून हाच प्रश्न सोडवला होता.

हा ‘किती’ ज्या दिवशी मुलाच्या तोंडून येईल, त्या दिवशी वही-पेन्सिल काढा आणि त्याला गणित शिकवा. ते आता त्याला हवं आहे.